शितावरून वर्गाची परीक्षा नको!

जून उजाडला की आपल्या घराघरांतून एकच धांदल उडते. वह्यांना कव्हरं घाला, दप्तराचे तुटलेले बंद शिवून आणा, गेल्या वर्षीच्या गणवेशाची दुमड उसवून दोन बोटं उंची वाढवा, आणि रोज उठून ‘आज डब्याला काय?’ हा प्रश्न सोडवा! याच धांदलीत परवा आमच्या शेजारच्या वहिनी शाळेची चिठ्ठी हातात घेऊन आल्या.

“अहो, उद्या पालकसभा आहे. बाई म्हणाल्या, तुम्हांला शाळा व्यवस्थापन समितीत घेतोय. बायका निम्म्या लागतात म्हणे. महिन्यातून एकदा जायचं, सही करायची, चहा घ्यायचा नि यायचं. होय म्हणू का?”

“अगदी होय म्हणा,” मी म्हटलं, “पण सहीचं तेवढं माझ्याकडून ऐकून जा.”

त्यांना जे सांगितलं तेच आज तुम्हांला सांगते. सांगताना थोडी लाज वाटते, पण आपल्या या पानावर आपण एकमेकींपासून फसलेला पदार्थही लपवत नाही, मग हे तरी का लपवावं?

तीन वर्षांपूर्वी मीही अशीच समितीवर गेले. “तुम्ही शिकलेल्या, त्यातून स्वतः अर्धवेळ शिकवता, तुम्ही हव्यातच,” असं म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? महिन्याच्या महिन्याला मी सभेला जात होते. भिंतींचा रंग, पाण्याची टाकी, स्नेहसंमेलनाचा मंडप, खिचडीतलं तेल यावर तासभर बोलणं व्हायचं. शेवटी इतिवृत्ताची वही फिरायची आणि आम्ही सगळ्या जणी ओळीनं सह्या करायचो. त्या वहीत दर महिन्याला एक वाक्य असायचं, ‘विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक आहे.’ मला त्यात काही खटकलं नाही. माझा धाकटा त्याच शाळेत तिसरीत होता आणि फडाफडा वाचत होता. म्हणजे प्रगती समाधानकारकच नव्हती का?

मग जानेवारीतली एक संध्याकाळ आली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींबरोबर त्यांची मुलगी आली होती. माझ्या धाकट्याच्याच वर्गातली. मावशी मोरीत, मी लाडवांच्या गडबडीत. मी सहज म्हटलं, “बाळ, त्या फळीवरचा रव्याचा डबा दे गं.” माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, मीठ, हळद, रवा, पोहे, मोठ्या ठळक अक्षरांत. ती पोर फळीपाशी गेली आणि एकेका डब्याचं झाकण उघडून आत पाहू लागली. पहिल्यात बेसन, दुसऱ्यात साबुदाणा, तिसऱ्यात पोहे. पाचव्या झाकणाला रवा सापडला.

मी तिला जवळ बसवून धाकट्याचं पुस्तक पुढे केलं. तिनं कविता घडाघडा म्हटली, ओळींवरून बोटही फिरवलं. पण मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तेव्हा ती गप्प झाली. कविता तिला पाठ होती, वाचता येत नव्हती. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, “बाईंनी ‘ब’ दिलाय की हो ताई. पास हाय ती.”

त्या रात्री मला झोप आली नाही. शाळेचा राग आला, खोटं कशाला सांगू? पण त्याहून राग माझ्या सहीचा आला. ‘समाधानकारक’ या शब्दाखाली माझी सात महिन्यांच्या सात सह्या होत्या. आणि माझा मुलगा वाचत होता तो काही केवळ शाळेमुळे नव्हे. रोज रात्री जेवणानंतर मी त्याला घेऊन बसत होते. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो आणि ती बरोबर ठरते, कारण सगळ्या पातेल्याला एकच आच लागलेली असते. वर्गातल्या मुलांना मात्र घरोघरची आच वेगवेगळी. आपलं मूल वाचतं म्हणून वर्ग वाचतो असं नाही. समितीवर जाणारी आई नेमकी इथेच चुकते, मीही चुकले.

मग मी कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे सरकारी, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत ही समिती असावीच लागते. तिच्यात किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रात समिती साधारण १२ ते १६ जणांची असते, अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, आणि महिन्यातून एकदा तरी बैठक व्हावी लागते. दर दोन वर्षांनी समिती नव्यानं नेमतात. अल्पसंख्याक संस्थांच्या आणि इतर सगळ्या अनुदानित शाळांत मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे.

आता काम कोणतं? शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणं, आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं. हा आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षावर्षाचे तीन भाग पाडायचे. शाळेला पुढे जे अनुदान मिळायचं, त्याचा आधार हाच आराखडा असतो. म्हणजे आपल्या घरच्या अंदाजपत्रकासारखंच की! वाण्याची यादी करताना आपण आधी डबे पाहतो, काय संपलंय ते बघतो आणि मग लिहितो. शाळेची यादी करताना मात्र डबे न उघडताच ‘रंग, टाकी, मंडप’ असं लिहून मोकळ्या होतो. कोणती मुलं कुठे अडली आहेत हे पाहिल्याशिवाय केलेला आराखडा हा डबे न पाहता केलेल्या यादीसारखा.

त्याच कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरज असेल त्याला जादा शिकवायचं, आणि पालकांना नियमित भेटून हजेरी, कुवत नि प्रगती सांगायची. अशा भेटी होतात की नाही हे पाहणं समितीच्या कामात येतं.

पुढच्या बैठकीला मी विचारलं, “तिसरीतल्या किती मुलांना अजून वाचता येत नाही?” सभेत एकदम शांतता! मुख्याध्यापक कागद चाळू लागले. वर्गाच्या बाई मात्र थोड्या वेळानं म्हणाल्या, “मला माहीत आहे हो. पण मी दोन वर्ग सांभाळते. आणि इथे हे आजवर कोणी विचारलंच नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी माझा राग ओसरला. बाईंना जे कळत होतं ते वहीत येत नव्हतं, कारण वहीत ‘समाधानकारक’ लिहिलं की सगळ्यांचीच सुटका होत होती. त्यात माझीही होती.

मग आम्ही काय केलं? एक साधी पद्धत घेतली. ‘प्रथम’ ही संस्था २००५ सालापासून ‘असर’ नावाची पाहणी करते, घरोघर जाऊन मुलांचं वाचन नि गणित तपासते. त्यांच्या वाचनाच्या पायऱ्या सोप्या आहेत : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. त्याच पायऱ्यांवर बाईंनी एकेका मुलाला जवळ बोलावून वाचायला लावलं. सभेपुढे मुलांची नावं आणली नाहीत, नुसते आकडे. वर्गात ३१ मुलं, त्यांतली ११ अक्षरं-शब्दांतच अडलेली. आमची शाळा काही जगावेगळी नव्हती. खेड्यांतल्या सरकारी शाळांची देशभरची पाहणी सांगते की, तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ होती, २०२४ मध्ये २३.४ झाली. म्हणजे सुधारणा होते आहे, पण केवढा डोंगर बाकी आहे पाहा!

रोजचा एक तास वाचनाचा ठरला. त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे नाही, पायरीप्रमाणे बसवायची. कपाटात कुलपाखाली असलेली गोष्टींची पुस्तकं दोरीवर टांगली. फाटतील ही भीती होती, फाटलीही दोन-चार, पण ती चिकटवता येतात. दुसरा रंगाचा हात पुढच्या वर्षावर ढकलला आणि त्या पैशांत चित्रांची पुस्तकं आणली. आणि एक गोष्ट मला फार पटली. पालकसभा सकाळी ११ वाजता असे, तेव्हा मावशींसारख्या बायका चार घरच्या मोऱ्यांत असतात. ती संध्याकाळी ७ वाजता ठेवली. नंतरच्या समितीत मावशी स्वतः सभासद झाल्या. त्या सही करायच्या आधी म्हणतात, “वाचून दावा, मग करते.” माझ्या बी.ए.ला जे सुचलं नाही ते!

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत ११ पैकी ७ मुलं परिच्छेद वाचू लागली. तीन अजून शब्दांतच होती, एक घर गाव सोडून गेलं. मावशींची लेक त्या सातांत होती. आता ती माझ्या फळीवरचा डबा झाकण न उघडता काढून देते. सावकाश, ओठ हलवत वाचते, पण वाचते. जानेवारीत ऐवजी जुलैतच मी विचारलं असतं, तर तिचे सहा महिने वाचले असते, ही टोचणी मात्र माझी मलाच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही समितीवर असाल किंवा जाणार असाल, तर इतकं लक्षात ठेवा :

१. मागच्या बैठकीचं इतिवृत्त आधी मोठ्यानं वाचून घ्या, मग सही करा. ‘समाधानकारक’ असा शब्द आला, की ‘किती मुलांपैकी किती?’ असं विचारा.

२. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी झाली की इयत्तावार आकडे मागा : किती मुलं वाचतात, कितींना हातच्याची वजाबाकी येते. दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये तेच आकडे पुन्हा पाहा. ‘निपुण भारत’ ही २०२१ सालची मोहीम तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन नि साधं गणित यावं यासाठीच आहे.

३. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी घ्या आणि त्यांच्या घरी जा. हे काम बायांना जितकं छान जमतं तितकं शिपायाच्या चिठ्ठीला जमत नाही.

४. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. आराखडा त्याआधी तीन महिने तयार हवा. म्हणून दिवाळीचा फराळ संपला की लगेच त्या विषयाला हात घाला.

५. मुलाचं नाव सभेत कधीही घेऊ नका. आकडा सभेत, नाव बाईंच्या कानात.

६. आणि देखरेख म्हणजे सासूची नजर नव्हे हो! ‘तुम्ही का नाही केलंत?’ याऐवजी ‘तुम्हांला काय लागेल?’ असं विचारून पाहा. बाईंना शिकवण्याशिवाय कोणकोणती कामं लागतात तेही विचारा. कायद्यानं जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामं त्यांना देता येतात.

‘आमची मुलं विनाअनुदानित शाळेत, आम्हांला ही समिती नाही,’ असं काही जणी म्हणतील. तिथे शिक्षक-पालक संघ असतो, आणि २०११च्या राज्याच्या शुल्क कायद्यानं त्याच्या कार्यकारी समितीला फीच्या बाबतीत बोलण्याचा हक्क दिला आहे. फीवर बोलाच, पण त्याच बैठकीत एकदा वाचनाचंही विचारा. चकचकीत इमारतीतही पाठ म्हणणारी मुलं असतातच.

आमच्या वहिनी पालकसभेला जाऊन आल्या. समितीत नाव लागलं. मी विचारलं, “मग, केलीत सही?” तर हसून म्हणाल्या, “केली. पण आधी सगळं वाचून घेतलं हो! तेवढ्यात चहा मात्र गार झाला.”

चहा काय, पुन्हा गरम करता येतो.