चेक एक, बिले दोन

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी माझे एक जुने स्नेही घरी आले. रविवार पेठेत त्यांची हार्डवेअरची घाऊक पेढी आहे. मी नोकरीत असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते बरीच वर्षे माझ्या टेबलावर होते. हा गृहस्थ हिशेबात अडलेला मी कधी पाहिला नाही. त्या दिवशी मात्र चहा निवला तरी ते बोलेनात. अखेर म्हणाले, "साहेब, पोरगा पुन्हा नापास झाला. तिसऱ्यांदा. आता म्हणतो, दुकानातच बसतो."

एरवी व्यापारी घरात ही वार्ता आनंदाची ठरावी. परंतु मुलाने गादीवर आवडीने बसणे निराळे आणि हरून बसणे निराळे, हे त्या पित्याला उमगत होते.

मुलगा संगणक अभियंता, गुण उत्तम. सॉफ्टवेअर कंपन्यांची संगणकावर घेतली जाणारी पहिली चाचणी तो दर वेळी उत्तीर्ण होई. समोरासमोरच्या तांत्रिक मुलाखतीत मात्र गाडी अडे. याच पुण्यात १९८१ साली इन्फोसिसची स्थापना झाली, ती दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. १९८८ साली सी-डॅक आले आणि १९९१ मध्ये त्याने 'परम ८०००' हा महासंगणक घडवला. आज हिंजवडीपासून खराडीपर्यंत या व्यवसायाच्या इमारती उभ्या आहेत. या शहरात वाढलेला हुशार मुलगा त्यांच्या दारात तीनदा अडखळतो, याचे कारण शोधायलाच हवे होते.

स्नेह्यांच्या हातात एका शिकवणीचे पत्रक होते. 'नोकरीची हमी' असे त्यावर ठळक छापलेले, आणि शुल्काचा आकडा एखाद्या चांगल्या दुचाकीएवढा. बँकेत हमी म्हटले की आम्ही पहिल्यांदा जामीनदार कोण ते विचारतो. त्या पत्रकावर जामीनदाराचे नाव नव्हते. मी ते घडी करून त्यांच्या खिशात परत ठेवले आणि आमच्याच सोसायटीतील एका सूनबाईंना फोन केला. बारा वर्षे त्या याच क्षेत्रात आहेत आणि कंपनीत उमेदवारांच्या मुलाखतीही घेतात. त्यांनी दर शनिवारी संध्याकाळी एक तास द्यायचे कबूल केले; शुल्काचा विषय निघताच हसून म्हणाल्या, "काका, मलाही कोणीतरी असंच बसवून शिकवलं होतं."

पहिल्या शनिवारी मी कोपऱ्यात बसून होतो. त्यांनी प्रश्न दिला : संख्यांची एक यादी आहे आणि एक बेरीज दिलेली आहे, यादीतील कोणत्या दोन संख्या मिळून ती बेरीज होते ते शोधा. मुलाने मान खाली घातली. दहा मिनिटे खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग त्याने उत्तर लिहून कागद पुढे केला. उत्तर बरोबर होते.

"मी असते तर तुला घेतलं नसतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "दहा मिनिटं तू काय विचार करत होतास, ते मला कळलंच नाही."

मला माझी पदोन्नतीची पहिली मुलाखत आठवली. कर्जप्रस्तावाची सारी कलमे पाठ असूनही मंडळासमोर मी तुटक, एकेका वाक्यात उत्तरे दिली आणि परत आलो. पुढच्या वर्षी आमच्या एका वरिष्ठांनी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मला समोर बसवून तेच प्रश्न विचारले. "उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही तिथवर कसे पोचलात ते सांगा," हे त्यांचे वाक्य माझ्या कानांत अजून आहे. पदोन्नती मिळाली, ज्ञान मात्र आदल्या वर्षीइतकेच होते.

दुसऱ्या शनिवारी तोच प्रश्न पुन्हा निघाला आणि मुलगा पुन्हा गप्प होऊ लागला, तेव्हा मला राहवले नाही. मी म्हटले, "अरे, पार्टीचा चेक येतो, सोबत तपशील नसतो. कोणती दोन बिले मिळून ती रक्कम झाली, ते तुमच्या दुकानात कसे शोधता?" (कॅश डिस्काउंटची वजावट येथे धरू नये.) त्याने चमकून वर पाहिले. मार्चअखेरीस हे काम तो दरवर्षी करतो! आणि बोलू लागला. प्रत्येक बिल प्रत्येक बिलाशी जोडून पाहायचे तर दोनशे बिलांच्या १९,९०० जोड्या होतात. त्याऐवजी चेकच्या रकमेतून एक बिल वजा करावे आणि उरलेली रक्कम येणे बिलांत आहे का, तेवढे पाहावे. चेक ४८,३५० चा, बिल १७,८५० चे. तर ३०,५०० चे बिल आहे का? असे दोनशे वेळा पाहिले की काम संपले. संगणकात रकमा अशा रीतीने मांडून ठेवता येतात की हवी ती रक्कम जवळजवळ तत्काळ सापडते. त्या मांडणीला हॅश टेबल म्हणतात. खतावणीच्या अनुक्रमणिकेत नाव पाहून थेट खाते पान उघडावे, तसे. बिले दोन हजार झाली तर जोड्या जवळजवळ वीस लाखांवर जातात. या रीतीने मात्र पाहणे दोन हजारांदाच.

"आता मला प्रश्न विचार," ताई म्हणाल्या. मुलगा गोंधळला. मुलाखतीत उमेदवाराने प्रश्न विचारायचे असतात, हेच त्याला ठाऊक नव्हते. पण दुकान डोळ्यांसमोर आल्यावर प्रश्न आपोआप सुचले. सारख्याच रकमेची दोन बिले असली तर? क्रेडिट नोट असेल तर तो आकडा उणे धरायचा का? जोडी सापडलीच नाही तर काय कळवायचे? ताईंनी सांगितले की आधी असे विचारावे, मग सोपी पण संथ रीत बोलून दाखवावी, मग ती सुधारावी आणि त्यानंतरच लिहायला घ्यावे. लिहून झाल्यावर चार आकड्यांचे लहान उदाहरण हाताने चालवून पाहावे. आपण तेरीज जुळवतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढील शनिवारी घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटांची मुलाखत होऊ लागली, कोऱ्या कागदावर. आठवडाभरात नवे प्रश्न किती सोडवले यापेक्षा एकच प्रश्न घरात कोणाला समजावून सांगितला का, हे त्या विचारीत. एकदा त्यांनी विचारले, "कठीण प्रसंगी तू जबाबदारी घेतलीस, असं काही सांग." मुलगा महाविद्यालयातील प्रकल्पाचे ठरावीक बोलू लागला. वास्तविक २०२० च्या टाळेबंदीत, अकरावीत असताना, यानेच फोनवर येणाऱ्या मागण्यांची संगणकावर यादी करून पेढीचे काम चालू ठेवले होते. त्याच्या अर्जात दुकानाचा उल्लेखही नव्हता. का, असे विचारता म्हणाला, "कंपनीत दुकानाचं काय सांगायचं?" हे ऐकून मला वाईट वाटले, वडील समोर नव्हते ते बरे झाले.

चौथी मुलाखत जानेवारीत झाली. दोन फेऱ्या पार झाल्या, तिसरीत नकार आला. पण या वेळी कोणत्या प्रश्नावर कोठे वाट चुकली, हे त्याने घरी आल्याबरोबर वहीत लिहून काढले. दुकानात बसण्याचे बोलणे निघाले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ताईंना कामानिमित्त बंगळुरूला जावे लागले. तास बुडू नये म्हणून मी स्नेह्यांनाच त्यांच्या खुर्चीत बसवले. ते संकोचून म्हणाले, "मला यातलं काय कळतं?" मी म्हटले, न कळणाराच परीक्षक हवा. मुलाने चेकचा प्रश्न पहिल्यापासून सांगितला. वडिलांनी दोनदा थांबवले, "हे नाही समजलं, परत सांग." तो न चिडता परत सांगत गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "बरं, आणि पार्टीनं तीन बिलांचे मिळून पैसे पाठवले असतील तर?"

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत या प्रश्नानंतर नेमका हाच प्रश्न येतो, असे ताईंनी मला आधी सांगून ठेवले होते. मी काही बोललो नाही. मुलाने क्षणभर छताकडे पाहिले, कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "पप्पा, आधी एक सांगा, एकच बिल दोनदा धरलेलं चालेल का?"