कोनमापकाला न दिसणारे दिव्यांगत्व

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी एका वैद्यकीय मंडळासमोर गेली. ती चोवीस वर्षांची असून गाझियाबादच्या वसुंधरा भागात आमच्याकडे राहते आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करते. मंडळातील तज्ज्ञांनी तिला खुर्चीवर बसवले, कोपर, मनगट, गुडघा असा एकेक सांधा वाकवायला सांगितला आणि कोनमापक लावून कोन मोजले. तिचे कोपर सरळ रेषेच्या पलीकडे उलटे वळते, अंगठा वाकवला की हाताला समोरच्या बाजूने सहज टेकतो. नोंद झाली ती अशी : सांध्यांच्या हालचालीत घट नाही, टक्केवारी शून्य. बाहेर कागदपत्रांच्या खिडकीपुढे सात-आठ मिनिटे रांगेत उभी राहिल्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मंडळासमोर बसलेली असताना तिच्या मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके ७६ होते, रांगेत ते १३८ झाले. मंडळाचे दार तिथून वीस पावलांवर होते, पण तपासणी संपली होती.

तिच्या आजाराची दोन अंगे आहेत. पहिले, सांध्यांची अतिलवचिकता. सांधे, त्वचा आणि रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवणारे संयोजी ऊतक काही जणांत जन्मतःच सैल असते. दुसरे, उभे राहताच हृदयाची गती अवाजवी वाढणे, ज्याला डॉक्टर 'पॉट्स' म्हणतात. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोट आणि पायांकडे उतरते. ते मेंदूपर्यंत पुन्हा पोहोचावे म्हणून स्वायत्त चेतासंस्था रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचा वेग किंचित वाढवते. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. 'पॉट्स'मध्ये हा तोल जातो : उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी, किशोरवयात ४० ठोक्यांनी वाढते, आणि रक्तदाब मात्र फारसा घसरत नाही. म्हणूनच नेहमीच्या तपासणीत सारे काही ठीक दिसते. सैल ऊतकामुळे शिरा अधिक फुगतात आणि रक्त खाली साचते, हे या दोहोंच्या नात्याचे एक स्पष्टीकरण आहे, एकमेव नव्हे. नाते आहे, याविषयी मात्र पुरावा साचत गेला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये, तर इस्रायलमधील संशोधकांनी २००३ मध्ये त्याकडे लक्ष वेधले होते.

अतिलवचिकता हा स्वतःहून आजार नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. मुंबईत तपासलेल्या आठशेहून अधिक निरोगी मुलांविषयीचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली निम्म्याहून अधिक मुले मापदंडानुसार अतिलवचिक निघाली. आपल्याकडे लवचिक अंगाचे कौतुकच होते. शाळेच्या संमेलनात योगासनांसाठी पहिली निवड अशाच मुलीची होते. माझ्या पुतणीचीही झाली होती, आणि तिच्या वडिलांनी ती प्रशस्तिपत्रके अजून जपून ठेवली आहेत. अशा मुलांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ज्यांना होते त्यांची मोजणी आपल्या व्यवस्थेत कुठे होत नाही, हा माझा मुद्दा आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाचा भूतकाळ अधिक बोलका वाटतो. अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब द कोस्टा या डॉक्टरापुढे असे सैनिक येत, ज्यांची छाती धडधडे, श्रमाने दम लागे, भोवळ येई, आणि हृदयात दोष मात्र सापडत नसे. तीनशेवर रुग्णांचा अभ्यास करून त्याने १८७१ मध्ये 'चिडखोर हृदया'वर निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात टॉमस लुइस यांनी याच स्वरूपाच्या विकाराला 'सैनिकाचे हृदय' म्हटले आणि १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ते सारे सैनिक आजच्या व्याख्येत बसतील असे नाही. त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला तापाची साथ आणि युद्धाचा धक्का दोन्ही आले होते. पण त्या काळाच्या राज्यसंस्थेने त्यांची दखल घेतली, कारण तिला पुन्हा उभे राहू शकणारे शिपाई हवे होते. 'पॉट्स' हे नाव रूढ झाले १९९३ पासून, आणि त्याचे बहुसंख्य रुग्ण आहेत तरुण स्त्रिया. त्यांच्या वाट्याला रुग्णालय आले नाही, सल्ला आला : मन रमवा, काळजी करू नका, लग्न झाल्यावर बरे वाटेल. माझ्या पुतणीला हे तिन्ही सल्ले मिळाले. निदान व्हायला चार वर्षे गेली, आणि ते ज्या तपासणीने झाले तिला घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि टेकायला भिंत एवढेच लागते.

आता कायद्याकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आपल्या प्रजासत्ताकाच्या उदार कायद्यांपैकी एक आहे. दीर्घकालीन व्यंग आणि समाजातील अडथळे यांच्या परस्परसंबंधातून ज्याच्या सहभागाला बाधा येते तो दिव्यांग, अशी त्याची व्याख्या आहे. ती टक्केवारी मागत नाही. चाळीस टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या विशेष लाभांसाठी. शिवाय अनुसूचीत 'दीर्घकालीन मज्जासंस्थाविकार' या सदरात मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन यांची नावे 'यांसारखे' या शब्दानंतर येतात. मसुदा लिहिणाऱ्यांनी 'यांसारखे' हा शब्द निष्काळजीपणे घातला असे मी मानत नाही. त्या शब्दाने दार उघडे ठेवले आहे, आणि स्वायत्त चेतासंस्थेचे विकार त्या दारातून सहज आत येऊ शकतात.

दार अडते ते खालच्या पायरीवर. दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१८ मध्ये निघाल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. हालचालीच्या दिव्यांगत्वात त्या मुख्यतः घट मोजतात : सांध्याची हालचाल किती कमी झाली, स्नायूंची ताकद किती गेली. पायांच्या बाबतीत स्थैर्याचीही तपासणी आहे, उभे राहणे, जिना चढणे, उकिडवे बसणे. हे श्रेय दिलेच पाहिजे. पण तिथे प्रश्न असतो तो उभे राहता येते की नाही एवढाच. किती वेळ, आणि त्या वेळात शरीरात काय घडते, हे विचारले जात नाही. सांधा जास्त हलत असेल तर घट शून्य. जो सांधा झोपेत कूस बदलताना निखळतो, तो या गणितात सर्वोत्तम सांधा ठरतो.

न्यायालयांनी वाट दाखवली आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के नसतानाही लेखनिक मिळाला पाहिजे, असे सांगितले. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, ही त्या निकालाची भूमिका आहे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांखालील, लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी सूचना काढल्या. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या ओंकार गोंड यांच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, केवळ आकडा पाहून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. ती व्यक्ती अभ्यासक्रम पूर्ण करू शकते का, हे मंडळाने तपासावे. मात्र २०२२ च्या सूचना 'लिहिण्यास अडचण' या शब्दांपाशी थांबल्या होत्या. पुतणीला लिहिता येते. परीक्षा केंद्राच्या फाटकावर झडतीसाठी जूनच्या उन्हात पाऊण तास उभे राहता येत नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे गाझियाबादचा उन्हाळा तिच्यासाठी हवामानापुरता राहत नाही, तो तिच्या आजारात मिसळतो.

माझ्या माजी सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे : असे दार उघडले तर खोटे दाखले घेणाऱ्यांची रीघ लागेल. महाराष्ट्रातील एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून २०२४ मध्ये उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल. संशय निराधार नाही. परंतु पाच-दहा मिनिटे आडवे झोपवून नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग दहा मिनिटे उभे ठेवून दर मिनिटाला दोन्ही नोंदवायचे, ही चाचणी ठरवून फसवणे दाखल्यावरच्या सहीपेक्षा कितीतरी कठीण आहे. पाणी कमी प्यायल्याने, रक्तक्षयाने किंवा दीर्घ आजारपणानंतरही नाडी वाढू शकते, म्हणून ती कारणे आधी वगळावीत, चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी आणि त्रास किमान तीन महिन्यांचा असावा. हे कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात आहे. सूचनांच्या पुढच्या सुधारणेत एवढे एक पान वाढवायला हरकत नसावी, आणि 'यांसारखे' या शब्दात काय येते, याचे एक परिपत्रकही निघू शकते.

सगळेच काही प्रमाणपत्राने सुटायचे नाही. दुकानांतील कर्मचाऱ्यांना, विशेषतः साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना, बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने दिला. त्यासाठी कोणालाही आजार सिद्ध करावा लागत नाही. वैशालीहून निघणाऱ्या मेट्रोत गर्दीच्या वेळी पुतणी खाली बसते तेव्हा नियमभंग होतो आणि सहप्रवासी तिला संस्कार शिकवतात. तिने आता त्यांना उत्तर देणे सोडले आहे.

एक गोष्ट मला माझ्याविषयीही लिहिली पाहिजे. जिल्ह्यात असताना मतदान कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात एक तरुण लिपिक साहित्याच्या रांगेत दोनदा कोसळली. तिने कामातून सूट मागितली होती. सोबतचा वैद्यकीय दाखला सांगत होता की, सर्व तपासण्या सामान्य आहेत. निवडणुकीच्या दिवसांत अशा अर्जांचा ढीग असतो आणि आम्ही ते सगळे एकाच नजरेने वाचत असू. मी तिचा अर्ज फेटाळला, वर कारणे दाखवा नोटीस काढली. तिला काय झाले होते, हे आज सांगता येणार नाही. तिला एक खुर्ची देता आली असती, हे मात्र तेव्हाही दिसत होते.

पुतणीने या वर्षी परीक्षेच्या अर्जासोबत दोन विनंत्या जोडायचे ठरवले : झडतीच्या रांगेत खुर्ची, आणि मीठ-पाण्याची बाटली आत नेण्याची मुभा. परवा रात्री आम्ही दोघे अर्ज भरायला बसलो. सोयीची मागणी केल्यावर जो रकाना उघडतो, त्यात दिव्यांगत्वाची टक्केवारी आकड्यात भरावी लागते. तिने शून्य भरले. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की, आकडा अवैध आहे. "काका, शून्य हे तर त्यांचंच उत्तर आहे," ती म्हणाली. आम्ही विनंती कागदावर लिहून टपालाने पाठवली आहे. पोचपावती अजून आलेली नाही.