गाडी कुणाची, पान्हा कुणाच्या हातात?

आळंदीत कार्तिकी यात्रा आटोपली, दिंड्या परतल्या, की थंडीबरोबर दोन कामं सुरू होतात. मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आणि घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांवरची ताडपत्री निघते. हवा कोरडी असते, उघड्या पत्र्याला लगेच गंज चढत नाही, रंग नीट वाळतो. अमेरिकेतले हौशी पुरुष हिवाळाभर गॅरेजात मस्टँगसारख्या दांडग्या इंजिनाच्या जुन्या मोटारी खोलून बसतात. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात तो मान बजाज चेतकचा. १९७२ साली ती बाजारात आली. २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१९ मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिलं. मधल्या काळात जुनी चेतक घराघरात 'वडिलांची आठवण' होऊन बसली.

या हौसेला माझा विरोध नाही. वापरून टाकून देण्याच्या जमान्यात कुणी जुनी वस्तू जपत असेल, तर चांगलंच आहे. पण ज्या शेडमध्ये ही आठवण चकाकते, तिथे बाई फक्त चहाचा ट्रे घेऊन येते. ही गाडी घरात कुणाच्या पैशाने आली, कारखान्यात तिला कुणी हात लावायचा हे कुणी ठरवलं, आणि आज ती दुरुस्त करण्याचं ज्ञान कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न आपण बायकांनी विचारायला हवेत.

पहिला प्रश्न पैशाचा. परमिटच्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणूनच ती हुंड्याच्या यादीत जाऊन बसली. मुलीच्या बापाने नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि गाडी जावयाच्या दारात उभी करायची. म्हणजे कित्येक घरांतली 'वडिलांची' चेतक ही खरं तर आजोबांची, आईच्या बापाची कमाई आहे. १९६१ चा हुंडाबंदी कायदा हुंडा देणं-घेणं गुन्हा ठरवतो, हे आपल्याला माहीत असतं. त्याच कायद्याचं सहावं कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. हुंडा म्हणून आलेली वस्तू दुसऱ्या कुणी घेतली असेल, तर ती तीन महिन्यांच्या आत त्या स्त्रीच्या स्वाधीन केली पाहिजे, आणि तोवर तिची ठेव म्हणून सांभाळली पाहिजे, असं ते कलम म्हणतं. आधी ही मुदत एक वर्षाची होती, १९८४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर फक्त स्त्रीची मालकी असते, हे ठामपणे सांगितलं. तरी आरसी बुक नवऱ्याच्या नावावर आणि चावी त्याच्या खिशात. स्कूटरच्या जागी आता मोटार आली, एवढाच काय तो फरक. माहेरी परत आलेल्या बाईच्या सामानाची यादी करताना आपण भांडी लिहितो, कपाट लिहितो, मंगळसूत्राची तोळे-मासे नोंद करतो. गाडी लिहायची राहते, कारण ती 'त्याची' असते हे आपणही धरून चालतो.

दुसरा प्रश्न कारखान्याचा. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून त्याचा जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. जाहिरातीमागे असलेली समजूत कायद्यातही होतीच. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी बंद केली. चालू यंत्राच्या भागांना तेल घालणं आणि ते साफ करणं या कामांसाठी त्याने स्त्रिया आणि अल्पवयीन मुलं यांना एकाच वाक्यात मनाई केली. धोका खराच होता. पण चालू पट्ट्यात पुरुषाचा हातही तसाच सापडतो. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी बाईला दूर केलं की प्रश्न मिटला, अशी ती रीत होती.

आज चित्र बदललं आहे. २०२० च्या नव्या कायद्याने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांची आणि संमतीने रात्रपाळीची वाट मोकळी केली. पुण्याच्या टाटा मोटर्समध्ये हॅरियर आणि सफारी या गाड्यांची जोडणी स्त्रियांच्या तुकडीने केली. चाकणला पहाटेच्या बसमधून उतरणाऱ्या मुली पाहिल्या की मलाही अभिमान वाटतो. पण त्यांच्याशी बोलायला बसले की दुसरी बाजू दिसते. त्यांतल्या पुष्कळ जणी प्रशिक्षणार्थी किंवा कंत्राटी आहेत. मुदत संपली की घरी. पाळीभर एकच काम: तोच बोल्ट, तीच वायर, तोच क्लिप. दोन-तीन वर्षांत हजारो गाड्या हातांखालून गेल्या, पण इंजिन सुरू का होत नाही हे सांगता येत नाही, कारण पूर्ण गाडी कुणी दाखवलेलीच नसते. नोकरी जाते तेव्हा बाहेर विकता येईल असं कसब हातात नसतं. मग लग्न, आणि लग्नात पुन्हा गाडी.

म्हणून तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा उभी करणं ही पुरुषांची चैन समजली जाते, पण तीच बाईसाठी पूर्ण यंत्राची शाळा होऊ शकते. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जणींनी आळंदीत एका शेडमध्ये एक बंद पडलेली चेतक घेतली. सुट्या भागांसाठी नाना पेठ पालथी घातली, जुन्या बाजारात चकरा मारल्या. चेतक शिकायला चांगली, कारण तिचं टू-स्ट्रोक इंजिन साधं आहे. एक सिलिंडर, पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल, आणि डाव्या मुठीत गिअर. कार्बोरेटरचा जेट तारेने खरवडायचा नाही, हवेने फुंकायचा. सायलेन्सरमध्ये काजळी साठली की गाडी ओढत नाही. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. सिलिंडर लेथवर बोअर करून घेतला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला. हेडचे चार नट बसवायची वेळ आली तेव्हा आमच्यातली एक, चाकणला लाइनवर दोन वर्षं काढलेली, पुढे झाली. समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, हे तिने दाखवलं. किती आवळायचं हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. ते का, हे तिला त्या दिवशी कळलं: एका बाजूने आवळलं तर हेड सपाट बसत नाही आणि दाब निसटतो. मनगटातलं काम आणि डोक्यातलं कारण यांची गाठ पडते, तेव्हाच माणूस कारागीर होतो.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, पाण्याचा, रेशनचा, मारहाणीचा प्रश्न असताना हे स्कूटरचं खूळ कशाला? आक्षेप रास्त आहे. पण मार खाणाऱ्या बाईला आपण सांगतो, स्वतःच्या पायावर उभी राहा. आणि पुढे करतो ते शिवणयंत्र नाहीतर पापडाची लाटी. ज्या पट्ट्यात दारोदारी दुचाकी आहे, तिथे दुरुस्तीचं काम बाराही महिने मिळतं. दुसरा आक्षेप वेळेचा. बायकांना मोकळा वेळ नाही, हे तर आपणच वर्षानुवर्षं मांडत आलो. पुरुषाला रविवारची सकाळ शेडमध्ये घालवता येते, कारण त्याच वेळी घरातला स्वयंपाक दुसरं कुणी करत असतं. तेव्हा बाईला पान्हा द्यायचा तर घरच्या कामाची वाटणीही मागावी लागेल. आमच्या पाच जणींपैकी दोघींच्या घरी त्यावरून भांडणं झाली. ती होऊ द्यावीत.

गटांपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, स्त्रीधनाच्या यादीत गाडी, तिचा नंबर आणि ती कुणाच्या पैशाने आली हे लिहायचंच. नवरा वारला असेल तर तीन महिन्यांच्या आत आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी बाईच्या नावावर करून घ्यायची. दोन, आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. दहावीच्या मुलींना शिवण-ब्युटीपार्लरपलीकडे मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकच्या वर्गात पाठवायचं, आणि तिथे त्यांना स्वच्छतागृह आहे की नाही हे आपण जाऊन पाहायचं. तीन, प्रत्येक गटाने एक जुनी स्कूटर, पान्ह्यांचा एक संच आणि एक भिंतीआडची जागा मिळवायची. चाकणहून कामावरून कमी केलेल्या मुलींना आधी तिथे बोलवायचं, कारण अर्धं शिक्षण त्यांच्या हातात आहेच.

आमची चेतक फेब्रुवारीत सुरू झाली. रंग अजून ठिकठिकाणी डागाळलेला आहे, पण कागदपत्रं गटातल्या एकीच्या नावावर आहेत, आणि बिघडली तर ती कशी दुरुस्त करायची हे पाचही जणींना माहीत आहे.