'मैं आगे हूँ'

तुमच्या मोबाईलमध्ये असं एक तरी रील नक्की असेल. धूर, ढोल, घोड्यावरचा सेनापती आणि लढाईआधीचं त्याचं खणखणीत भाषण. खाली आपल्यापैकीच कुणाची तरी कमेंट, 'अंगावर काटा!' माझ्याही अंगावर येतो, खोटं कशाला बोलू? पण चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या आपल्याला हा काटा जरा स्वस्तातच मिळतो, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

एनसीसीच्या कॅम्पमध्ये रात्रीच्या मार्चआधी आमच्या सिनियरनं जोरदार भाषण ठोकलं होतं. देश, रक्त, माती, सगळं त्यात होतं. आज त्यातला एक शब्द आठवत नाही. आठवतात ते हवालदार उस्ताद. ते रांगेतून फिरले, प्रत्येकाची पाण्याची बाटली हलवून पाहिली आणि म्हणाले, "मैं आगे हूँ. डर लगे तो आगे देखना." बस्स. आम्ही निघालो.

आपल्याकडचं सी-60 बघा. 1990 मध्ये तेव्हाचे पोलिस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी हे पथक उभं केलं, ते 60 स्थानिक जवान घेऊन. जंगल ओळखणारी, गोंडी-माडिया बोलणारी पोरं. यांच्या तुकडीला 'पार्टी' म्हणतात आणि पार्टी ओळखली जाते कमांडरच्या नावानं. 'वीरभोग्या वसुंधरा' हे ब्रीद भारीच आहे. पण अंधारात नाला ओलांडताना संस्कृत किती कामी येणार? तिथं लागतो आपल्या बोलीतला, सोबत चालणाऱ्या माणसाचा शब्द. बाबुराव शेडमाके जंगोम दल घेऊन इंग्रजांवर गेले, तेव्हाही ते मागं बसून हुकूम सोडत नव्हते. 21 ऑक्टोबर 1858 ला चंद्रपुरात फासावरही तेच गेले.

आणि शब्द लांबून आला तर? नेसरी आठवा. उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोल खानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं, खान पुन्हा चालून आला. महाराज संतापले. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा त्यांच्या पत्राचा आशय सांगतात. 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव फक्त सहा स्वार घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण गेले. राज्याभिषेक जेमतेम साडेतीन महिन्यांवर आणि स्वराज्याचा सरनौबत गेला.

आपण यात फक्त शौर्य बघतो. मला त्यात एका वाक्याचं वजनही दिसतं. हे लिहिताना माझा हात थोडा थरथरतोय, कारण महाराजांबद्दल बोलतोय. पण महाराजांनी ते वजन उचललं, हेही त्याच गोष्टीत आहे. प्रतापरावांची लेक जानकीबाई त्यांनी राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली.

आणि आपण? बातमी आली की 'घुसून मारा' टाकतो, पुढच्या मिनिटाला क्रिकेटचा स्कोअर. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलिस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. त्या घरांमध्ये आपल्यापैकी कुणाला सून किंवा मुलगा म्हणून जायचं नव्हतं. स्टेटस 24 तासांत आपोआप उडालं.

माझा एक मित्र रोज पहाटे पाचला ग्राउंडवर असतो, पोलिस भरतीसाठी. मी त्याला पूर्वी जोशवाली रील्स पाठवायचो. एकदा म्हणाला, "हे नको पाठवू बे. येतोस का सोबत पळायला?" मी गेलो. दुसऱ्या राउंडलाच बसलो. तो पुढं निघून गेला, 1600 मीटर पूर्ण करून परत आला आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.