पाच लाखांचे कार्ड, दोन हजारांची सुई

मृग लागण्याआधी आपल्या घरांतून आगोटीची गडबड उडते. कौले चाळायची, गच्चीला डांबर लावायचे, छत्र्यांच्या काड्या बसवून आणायच्या, डाळी-कडधान्ये उन्हे दाखवून डब्यांत भरायची. पावसाबरोबर न चुकता येणाऱ्या एका पाहुण्याची तयारी मात्र या यादीत नसते. तो पाहुणा म्हणजे फ्लू.

फ्लू म्हणजे सर्दी-खोकल्याचा थोरला भाऊ, आल्याचा काढा घेऊन दोन दिवस पडून राहिले की झाले, अशी आपली समजूत. तरण्याताठ्यांच्या बाबतीत ती बहुतेकदा खरीही ठरते. पण सत्तरी ओलांडलेली आजी, मधुमेह असलेले काका, दम्याने बेजार मावशी, दिवस गेलेली सून यांना हाच फ्लू न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयापुढच्या त्या रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल पुणेकर विसरलेले नाहीत. तो विषाणू नंतर कुठे परागंदा झाला नाही. दरवर्षीच्या हंगामी फ्लूत तो मिसळून गेला, इतकेच.

यावर लस आहे. विषाणू वेष बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लशीत काय असावे ते सुचवते. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात आणि दुसरा थंडीच्या अखेरीस असतो. तेव्हा पाऊस पडायच्या आत सुई टोचून घेतलेली बरी.

प्रश्न आहे तो पैशांचा. खाजगी दवाखान्यात एका टोचणीला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. आमच्या घरी ही लस घेण्याजोगी चार माणसे आहेत. सहा-सात हजारांचा हा खर्च आम्ही कुरकुरत का होईना, पण करतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. २०२३ मध्ये ती रक्कम महिना दीड हजार झाली. म्हणजे त्या म्हातारीने एक सुई घ्यायची तर महिनाभराच्या मीठ-मिरचीवर पाणी सोडायचे!

माझ्या आईजवळ सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता सत्तरीवरील सर्वांना खुला झाला, तेव्हा ते काढले. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होऊ शकतात. योजनेतल्या एका रुग्णालयात आरोग्यमित्राला मी विचारले, ‘यावर फ्लूची लस मिळेल का?’ तो म्हणाला, ‘आजींना ॲडमिट करायचंय का? मग बघता येईल.’ बिचारा नियमाप्रमाणेच बोलत होता. ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातला खर्च तिच्यात बसत नाही. आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजनाही मुळात मोठ्या उपचारांसाठीच आखलेली. आजी न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात गेली तर विमा धावून येईल. तिने तिथे जाऊ नये म्हणून मात्र दोन हजारही सुटणार नाहीत. विहीर बुजवायला लाखो रुपये आहेत, कठडा बांधायला दमडी नाही, असा हा कारभार.

हा दोष एकट्या आपल्या पदरी नाही. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा आला, तोही उपचारापुरताच होता. १९८१ मध्ये त्यात न्यूमोकॉकल लस आली. फ्लूच्या लशीसाठी तिथल्या सरकारने १९८८ ते १९९२ अशी चार वर्षे निवडक भागांत प्रयोग केला, खर्च आणि फायदा यांचा हिशेब मांडला आणि १९९३ पासून ती सर्व मेडिकेअरधारकांना लागू केली. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण दर हिवाळ्याआधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाते, कार्ड दाखवते, दंडावर सुई घेते आणि एक सेंटही न देता घरी येते. (मुलांकडे व्हिसावर गेलेल्या आईवडिलांनी मात्र या भरवशावर राहू नये, ही सोय त्यांच्यासाठी नाही.)

आपल्याकडे काहीच झाले नाही असेही नाही. गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाब यांचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचे धोरण महाराष्ट्राने २०१५ मध्येच आखले. म्हणजे तत्त्व मान्य आहे. पण किती घरांपर्यंत त्याचा निरोप पोहोचला? तुमच्या शेजारीपाजारी विचारून पाहा.

यावर काही आक्षेप निघतील. ही लस काही रामबाण नव्हे, हे खरे. विषाणूशी चांगली जुळणी झाली त्या वर्षीही ती आजाराचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनीच कमी करते, आणि म्हाताऱ्यांत बहुधा त्याहून कमी. पण आजार बळावून रुग्णालय गाठण्याची वेळ तिने अनेकांची टळते, आणि योजनेची तिजोरी रिकामी होते ती तिथेच. क्षयरोग, बालमृत्यू असे मोठे शत्रू समोर असताना ही चैन कशाला, हा दुसरा आक्षेप. तो मला हलका वाटत नाही. म्हणूनच सरसकट सर्वांना लस द्या, असे मी म्हणत नाही.

माझे मागणे एवढेच आहे. सत्तरीवरच्या कार्डधारकांची नावे, वये, पत्ते सरकारदरबारी आहेतच. एक-दोन जिल्हे निवडावेत. मे महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि पालिकेच्या दवाखान्यांतून त्यांना कार्डावर ही लस द्यावी. सरकारने घाऊक खरेदी केली तर भाव दुकानाइतका राहणार नाही. शिवाय ही लस आपल्या देशातही बनते. तीन-चार पावसाळे रुग्णालयांतल्या भरतीचा आणि खर्चाचा हिशेब ठेवावा आणि तो लोकांपुढे मांडावा. आकडे विरोधात गेले तर योजना खुशाल गुंडाळावी. पण आकडे न मांडताच ‘ॲडमिट झालात तर बघू’ असे आपल्या म्हाताऱ्या माणसांना सांगणे शहाणपणाचे नाही, आणि माणुसकीचे तर नाहीच नाही.