भाव कळला, पुढे काय?



‘मोबाइलमुळे शेतकऱ्याला भाव कळतो, आता त्याला कोणी फसवू शकत नाही’ हे आपल्या वृत्तपत्रातील एका पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच पटते. लासलगावचा कांदाभाव पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिसे, आज लिलाव चालू असतानाच व्हॉट्सॲपवर येतो. हा फायदा खराच.

पण ग्रुपवर फिरतो तो बहुधा सर्वाधिक भाव. तो मिळतो निवडक, एकसारख्या मालाच्या मोजक्या ट्रॉल्यांना. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही भाव देते. शेतकऱ्याचा हिशेब बसतो सर्वसाधारण भावावर, आणि पुढे पाठवताना नेमका तोच गळतो. कमाल आकडा पाहून ट्रॉली भरली, की भाडे आणि हमाली अंगावर पडते. मग पुकारलेला भाव पटला नाही तरी माल परत नेणे परवडत नाही.

शिवाय नुसते कळून भागत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्यावर निर्यातबंदी लागू झाली. ती बातमी व्यापारी आणि शेतकरी दोघांच्या मोबाइलवर एकाच वेळी आली. व्यापारी खरेदी थांबवू शकत होता. शेतात मात्र खरिपाचा लाल कांदा होता, आणि तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. बातमी कळूनही शेतकऱ्याने करायचे काय?

निदान भाव तरी नीट कळावा, म्हणून माझी मागणी साधी आहे. बाजार समित्यांनी रोजच्या संदेशात सर्वसाधारण भाव सर्वांत वर द्यावा, आणि कमाल भाव किती वाहनांना मिळाला तेही लिहावे.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड