केशप्रत्यारोपण : संख्येपेक्षा मांडणी मोलाची

खालित्याचे रुग्ण आपणां सर्वांच्याच चिकित्सालयात येतात. अलीकडे त्यांतील पुष्कळ जण ‘तेल द्या’ असे न म्हणता ‘केस बसवून घेऊ का?’ असे विचारतात. हा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून तो टाळणे आम्हांस उचित वाटत नाही. सुश्रुताचार्यांनी व्रणाच्या सप्तोपक्रमांत वैकृतापहाला स्थान दिले आणि साठ उपक्रमांत रोमसंजननाची गणना केली. रूप पूर्ववत करणे हा चिकित्सेचाच भाग आहे, ही दृष्टी आपल्या परंपरेची आहे. दुसरीकडे, सन्निपातज खालित्य असाध्य होय, असे वाग्भटांनी स्पष्ट सांगितले आहे. जेथे औषधाची मर्यादा संपते, तेथे रुग्णाला योग्य सल्ला देणे हे वैद्याचे कर्तव्यच ठरते.

मात्र सल्ला देण्यासाठी विषय ठाऊक हवा. डोक्याच्या मागील भागातील केस पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे तत्त्व न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले. तत्त्व खरे होते. परंतु त्या काळी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे त्वचेचे गोल तुकडे बसविले जात. केस उगवत, पण ते बाहुलीच्या डोक्यावरील झुबक्यांसारखे दिसत. केस मुळात एक ते चार अशा नैसर्गिक गुच्छांनी उगवतात, हे हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये दाखविले. १९९० च्या दशकात हे गुच्छच एकेक करून रोपण्याची पद्धत रूढ झाली आणि खरा पालट घडला.

आज फसगत होते ती मांडणीत. कपाळालगतच्या पहिल्या ओळींत केवळ एकेरी केस हवेत; त्यांच्या मागे दोन केसांचे गुच्छ आणि त्याही मागे तीन-चार केसांचे. ही केशरेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असून चालत नाही. निसर्गात ती किंचित वेडीवाकडीच असते. पुढचे केस त्वचेशी लघुकोन करून पुढे झुकलेले असतात, शंखप्रदेशी ते जवळजवळ त्वचेला चिकटून खाली वळतात, तर भोवऱ्याच्या ठिकाणी चक्राकार फिरतात. ही दिशा चुकली, तर हजारो ग्राफ्ट बसवूनही डोके परके दिसते.

‘किती ग्राफ्ट?’ हाच प्रश्न जाहिरातींतून रुग्णाच्या मनावर बिंबविला जातो. वास्तविक मूळ घनतेच्या सुमारे निम्मी घनता साधली, तरी पाहणाऱ्याला सहसा उणीव जाणवत नाही. शिवाय मागील भागातील केसांचा साठा मर्यादित असतो. तेथून काढलेला गुच्छ तेथे पुन्हा उगवत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाला सोळाव्या वर्षाची केशरेषा आखून दिली, तर पुढील दहा वर्षांत मागचे मूळ केस गळतात आणि पुढे रोपलेले केस बेटासारखे उरतात. तोवर साठाही संपत आलेला असतो. म्हणून तरुण रुग्णाला ‘थोडे थांबा’ असे सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. हे सांगणारा त्याला बहुधा दुसरा कोणी भेटत नाही.

शस्त्रकर्मानंतरचाही एक मुद्दा आहे. रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि अंतिम परिणाम दिसण्यास सुमारे एक वर्ष लागते. मधल्या काळात घाबरलेला रुग्ण आपल्याकडे येतो. त्याला धीर द्यावा, व्रण भरण्यापूर्वी अभ्यंग करू नये, आणि चौथ्या महिन्यात उगवलेल्या केसांचे श्रेय आपल्या तेलाला देऊ नये.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. काही वैद्य अशा केंद्रांना आपले नाव देतात. फलक वैद्याचा आणि हात अप्रशिक्षित साहाय्यकाचे. कार्यशाळेत किंवा चित्रफितीत पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशप्रत्यारोपणासंबंधी बजावले. त्या आयोगाचे अधिकारक्षेत्र आधुनिक वैद्यकापुरते असले, तरी हे मर्म आपल्याला नवे नाही. योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर छेदनाचा अभ्यास सांगितला आहे; शास्त्र कितीही पढलेला असला, तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्मास अयोग्य, हाच तेथील निर्णय आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे एवढेच : कायद्याने आणि प्रशिक्षणाने ज्याचा अधिकार आहे, त्यानेच शस्त्र हाती घ्यावे. इतरांनी नाव देऊ नये व दलालीही घेऊ नये. रुग्णाला पाठविण्यापूर्वी केशरेषा कोण आखणार, छेद कोण घेणार आणि दहा वर्षांनंतरचा विचार केला आहे काय, हे तीन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत. सुश्रुतांचा वारसा सांगणाऱ्यांकडून समाजाची एवढी अपेक्षा रास्तच आहे.